टाकीखालचा तांबडा थेंब

मावशीच्या कार्यशाळेत सकाळ ठरलेल्या क्रमाने येत असे. मावशीचे यजमान, म्हणजे काका, सगळ्यांच्या आधी उठून अंगणापलीकडच्या शेडमध्ये जात आणि कुंड्यांसाठी तांबडी माती मळायला घेत. मग ते येऊन कार्यशाळेचे दार उघडत, खिडक्या मोकळ्या करत आणि परत आपल्या कामाला लागत. पाठोपाठ मावशी चहाचा पेला घेऊन येई, फळ्यांवर वाळत ठेवलेल्या भांड्यांवरचे फडके उचली आणि एखाद्या कपाच्या कडेवरून अंगठा फिरवून त्याला कान आज जोडायचा की उद्या, ते ठरवी. तोवर मुले येत. सुट्टीत चाक शिकण्यासाठी आलेली ठिणगी तारेने मातीचे गोळे कापून ठेवी. तिचा धाकटा भाऊ लिंबू बादल्या विसळी. मावशीचा मुलगा माती चाळता चाळता, ती का चाळायची असते, ते सांगत बसे. म्हणून त्याला सगळे प्राध्यापक म्हणत.

कार्यशाळेत एक नियम फार कडक होता. तांबड्या मातीचा हात घेऊन आत यायचे नाही. मावशीचे काम पांढऱ्या मातीचे. तिच्यात तांबडा कण मिसळला, की भट्टीतून निघालेल्या कपावर तपकिरी डाग उमटे. काकासुद्धा आपला मळका एप्रन दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून, हात धुऊन मग आत येत.

त्या सकाळी मात्र हा क्रम मोडला.

"अगं, इकडे ये आधी," अशी काकांची हाक आली आणि चहा तसाच टाकून मावशी धावली. मुलेही मागोमाग पोहोचली.

सगळ्यात खालच्या फळीवर काल संध्याकाळी कपांची लांबच लांब रांग होती. आता तिथे पांढरा चिखल होता. न भाजलेले भांडे म्हणजे नुसती वाळलेली माती; पाणी लागले की तिचा पुन्हा चिखल होतो. काही कप पार बसले होते, काही अर्ध्यातून वाकून शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलले होते. फळीच्या टोकाशी, लोखंडी घोडीवर, पाण्याची मोठी प्लास्टिकची टाकी उभी होती. तळाशी साचणारा गाळ सोडता यावा म्हणून काकांनी आदल्याच दिवशी टाकीला बुडाजवळ भोक पाडून कॉक बसवला होता. दोन बादल्या पाणी ओतून त्यांनी सगळ्यांना दाखवलेही होते, की थेंब गळत नाही.

"कॉक अर्धवट उघडा होता," काका म्हणाले. "मी आत्ता बंद केला. काल शेवटी गाळ कोणी सोडला?"

सगळ्यांच्या नजरा ठिणगीकडे वळल्या.

"मी सोडला," ती म्हणाली. "आणि मीच बंद केला. दांडी पूर्ण आडवी केली होती."

"मग उघडला कोणी? भुतानं?"

"ते मला काय माहीत? मी बंद केला होता."

मावशीने फळीवरून एक कप उचलायचा प्रयत्न केला. तो तिच्या बोटांतून ओघळून गेला. हे कप प्रदर्शनाला जायचे होते. त्यांच्या कडा साफ करताना ती गेले कित्येक दिवस मान वर करत नव्हती. बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नाही आणि त्यामुळे तो जास्तच लागला.

"चूक कोणाच्याही हातून होते, बाळा. पण झाली तर झाली म्हणावं. वर तोंड करून खोटं बोलू नये."

"मावशी, मी खोटं बोलत नाही."

"पुरे."

दुपारी मावशीने ठिणगीच्या आईला फोन लावला. "ताई, रविवारी येऊन हिला घेऊन जा. कपांचं मी बघून घेईन गं. पण पोरगी कबूलच करत नाही. तोवर तिला मी चाकाजवळ फिरकू देणार नाही." काका शेजारीच पेपर वाचत बसले होते. ठिणगी दाराआड उभी होती आणि तिला एकूण एक शब्द ऐकू येत होता.

त्यानंतर ती कार्यशाळेच्या उंबरठ्याबाहेरच्या पायरीवर बसू लागली. आत चाक फिरत असे आणि बाहेर ती धुमसत असे. कप गेले याचे तिला वाईट वाटत होतेच. पण आपला शब्द कोणी क्षणभर तोलूनही पाहिला नाही, हे तिला जास्त सलत होते.

"ताई, तुझे कान लाल झालेत," लिंबू म्हणाला.

"गप्प बस."

"भट्टीपेक्षा लाल. यावर कप भाजता येतील."

"लिंब्या, पिळून काढीन हं."

प्राध्यापक तिच्या शेजारी टेकला. "तू खरंच बंद केला होतास?"

"आता तूही?"

"मी नुसतं विचारतोय. विचारणं आणि संशय घेणं यात फरक आहे."

"चापट आणि गुद्दा यातही फरक असतो. दाखवू?"

प्राध्यापक सावधपणे एक पायरी खाली सरकला. "बंद केला होतास, असं धरून चालू. मग पाणी आलं कुठून?"

 लिंबू आपल्याच तंद्रीत कुरकुरला, "मला तर बादली भरायला आता स्टुलावर चढून टाकीत अर्धं अंग घालावं लागतं. ती अर्धीच का भरतात?"

ठिणगीने मान वळवली. "कधीपासून?"

"कप विरघळले तेव्हापासून. काका स्वतः उठून पंप बंद करतात. पाणी जपून वापरायचं म्हणे."

"पाणी जपून?" ठिणगी म्हणाली. "आणि तिकडे कुंड्यांवर पाइप सोडून देतात, अंगणाचं तळं होईपर्यंत."

प्राध्यापकाने दारातून वाकून टाकीकडे पाहिले. त्याचे डोके चालू झाले होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि काका भट्टीच्या विटा आणायला टेंपोतून गेले आणि मुलांनी काम सुरू केले.

"मला आत यायला बंदी आहे," ठिणगी म्हणाली.

"मग उंबरठ्यावरून हुकूम सोड," प्राध्यापक म्हणाला. "ते तुला उपजतच येतं."

ठिणगीने हुकूम सोडले. कॉकची दांडी बंद करून सुतळीने घट्ट बांधण्यात आली. म्हणजे तो उघडा होता असे म्हणायला जागा उरली नाही. मोकळ्या फळीवर कोरड्या वर्तमानपत्राची पाने पसरली. लिंबूने पंप लावला. पाणी निम्म्यावर आले, कागद कोरडा होता. पाणी आणखी चढले, तरी कागद कोरडाच.

"बघा, गळत नाही," लिंबू म्हणाला.

"काठापर्यंत येऊ दे," ठिणगी दारातून म्हणाली. "बंद करू नकोस."

पाणी काठाला टेकले तशी टाकीची प्लास्टिकची भिंत कळत नकळत बाहेर फुगली.

"पोट तट्ट भरलंय," लिंबू म्हणाला. "आता ढेकर देणार."

टाकीने ढेकर दिला नाही. पण कॉकच्या मागच्या नटाखाली एक चकाकती रेघ दिसली, तिचा थेंब झाला आणि तो कागदावर पडला. मागून दुसरा पडला.

"गळतंय," प्राध्यापक पुटपुटला. "भिंत फुगली की नटाशी फट पडते. दोन बादल्यांनी काय फुगणार? त्या रात्री टाकी पहिल्यांदा पूर्ण भरली होती. गळून गळून पाणी खाली आलं, की फट आपोआप मिटत असणार."

"म्हणजे मी बंद केला होता," ठिणगी म्हणाली.

"पण हे बघ." प्राध्यापकाने कागद उचलून दारापाशी आणला. थेंबाभोवती तांबूस कडे उमटले होते. मग परत जाऊन त्याने नटाच्या कडेवर बोट फिरवले, ते दुसऱ्या बोटावर चोळले आणि तो तसाच उभा राहिला. नटाच्या खाचेत कोणी तरी माती दाबून भरली होती. तांबडी माती.

त्या खोलीत तांबडी माती आणू शकेल, असा एकच माणूस होता. ते तिघांनाही माहीत होते आणि तो माणूस प्राध्यापकाचा बाप होता.

"त्यांना तेव्हाच दिसलं होतं," ठिणगी हळूहळू म्हणाली. "फट बुजवली आणि वर माझ्यावर ढकललं. आज सगळ्यांसमोर काढते बघ मी हे."

प्राध्यापक निघून गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात काकांच्या हत्यारांच्या पेटीतले एक प्लास्टिकचे पाकीट होते. पाकिटावर चित्र होते: टाकीची भिंत, तिच्या आतून एक रबरी वायसर, बाहेरून एक. पाकिटात एक वायसर तसाच पडला होता.

"कॉक बसवताना मी शेजारी होतो," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, एक पुरतो, कंपन्या उगाच दोन देतात." त्याने पाकीट खिशात घातले. "नुसती गळती दाखवलीस, तर ते म्हणतील आज सुरू झाली. त्यांना आधीपासून माहीत होतं का, हे विचारायला हवं. तोंडानं नाही, दुसऱ्या तऱ्हेनं."

"तुझे बाबा आहेत ते."

"म्हणूनच," प्राध्यापक म्हणाला.

टेंपो परत आला तेव्हा टाकी पुन्हा काठोकाठ भरलेली होती, फळी नुकतीच पुसून कोरडी केलेली होती, कागद गोळा झाले होते आणि ठिणगी पायरीवर बसली होती. मावशी आत आली. टेबलावर तिचा मोठा कच्चा थाळा होता. कप गेल्यावर प्रदर्शनासाठी तिचा सगळा भार त्या थाळ्यावर होता.

"आई, टेबल हवंय मला," प्राध्यापक म्हणाला. "थाळा खालच्या फळीवर ठेवायचा का? टाकीजवळच्या टोकाला जागा आहे."

"थांब, तू हात लावू नकोस. मी ठेवते."

तिने दोन्ही हातांनी थाळा उचलला. काका दारात चपला काढत होते.

"तिथं नको ठेवू," ते म्हणाले.

"का? फळी कोरडी आहे की. आणि आता कॉक उघडायला ती पोरगीही आत येत नाही."

"नको म्हणतोय ना. टाकी..." काकांची नजर टाकीवर गेली. "टाकी कोणी भरली?"

"मी," लिंबू म्हणाला. "काठोकाठ."

मावशी थाळा खाली टेकवतच होती. काका झेपावले आणि त्यांनी आपला तळहात नटाखाली धरला. नटाखाली थेंब जमला, लोंबला आणि त्यांच्या तळहातावर पडला.

मावशीने थाळा पुन्हा टेबलावर नेऊन ठेवला. मग ती वळली. "हात दाखवा."

काकांच्या तळहातावर तांबडे पाणी होते.

"मी कॉक बंद केला होता," ठिणगी उंबरठ्यावरून म्हणाली. या वेळी तिला कोणी पुरे म्हटले नाही.

काका बराच वेळ हात पुसत राहिले. "सकाळी दार उघडलं तर नट पाझरत होता," ते शेवटी म्हणाले. "हात न धुताच आत धावलो. हाताला माती होती, ती दाबली आणि तुला हाक मारली. माझंच काम फसलं, हे कसं सांगायचं? तोंडातून काहीतरी निघून गेलं. मग वाटलं, पोरीचं काय, चार दिवसांत विसरेल."

"पोरीचं काय?" मावशी म्हणाली. "मी तिच्या आईला सांगितलं, तुझी मुलगी खोटं बोलते. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"बाबा, दुसरा वायसर पाकिटातच होता," प्राध्यापक म्हणाला. आईकडे किंवा वडिलांकडे न बघता त्याने ते पाकीट टेबलावर ठेवले.

मावशी दारापाशी आली. "आत ये," ती ठिणगीला म्हणाली. "मी तुला एकदाही धड विचारलं नाही. चुकलं माझं. तुम्ही तिघांनी केलं ते मला सुचायला हवं होतं." मग तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि तुला हे सोपं गेलं नसणार."

त्या दुपारी टाकी रिकामी झाली. नट सोडवल्यावर दिसले, की काकांनी तापलेल्या सळईने भोक पाडले होते. वितळलेल्या प्लास्टिकच्या गुठळ्या काठावर तशाच होत्या आणि त्यांच्यावर रबर कुठेच नीट बसत नव्हते. प्राध्यापकाने पात्याने गुठळ्या तासल्या आणि काठ पॉलिश कागदाने गुळगुळीत केला. आतला वायसर बसवायला टाकीत उतरण्याइतका बारीक फक्त लिंबू होता.

"आत फार छान आवाज येतो," टाकीतून घुमत आले. "मी गाऊ का?"

"गाशील तर झाकण लावू," ठिणगी म्हणाली. बाहेरून नट तीच आवळत होती. आधी हाताने जाईल तितका, मग पान्याने किंचित. जास्त पिळला की रबर चुरगळून बाहेर पळते, हे तिला दोनदा सोडवून बसवल्यावर कळले. काका पकड घेऊन मागे उभे होते. ती कोणी मागितली नाही.

टाकी पुन्हा काठोकाठ भरली. संध्याकाळपर्यंत कागद कोरडा राहिला.

"मी ताईंना फोन करतो," काका म्हणाले. "सांगतो, गैरसमज झाला होता म्हणून."

"गैरसमज नव्हता तो," ठिणगी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग मावशीकडे. मावशीने फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी फोन लावला. "ताई, मी बोलतोय. त्या दिवशीचं... कॉक उघडा नव्हता. मी खोटं बोललो." पलीकडून बराच वेळ काही तरी ऐकून घेतल्यावर त्यांनी फोन ठिणगीपुढे धरला. "राग गेला का गं आता?"

"नाही," ती म्हणाली. "बघू, उद्या गेला तर."

फोनवर आईचा आवाज संतापाने भरला होता. "मी उद्याच येते तुला न्यायला. एक दिवस राहू नकोस तिथे. की राहायचंय? तू सांग."

घरी जाणे सोपे होते. ती गेली असती, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने कारण विचारले असते आणि काकांना प्रत्येक वेळी सांगावे लागले असते. तसे व्हावे, असे तिला मनापासून वाटत होते. पण तिने चाकावर उभी केलेली भांड्याची भिंत वीतभर उंच होताच अजून डगमगत होती आणि ती सावरायची कशी, ते मावशीने दाखवायचे राहून गेले होते.

"येऊ नकोस, आई," ती म्हणाली.

तिने फोन मावशीच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या, तारेने मातीचा एक गोळा कापला आणि जाऊन चाकापाशी बसली.