फोटोत न आलेला

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत मी चादरींना इस्त्री करायचो. एका सकाळी ढिगावरची चादर ओढली, तर मागे एक अनोळखी मुलगी उभी. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"खाऊ आणलात?" मी विचारलं.

"कॅमेरा आहे हा. सुईने भोक पाडलंय. फोटो यायला बराच वेळ लागतो. कामगारांचे काढायचेत मला."

डबा तिने फळीवर ठेवला. आम्ही वाफेत राबत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने फोटो दाखवला. टेबलं होती, चादरी होती, खुर्चीत मुकादम होता. आमच्यातलं कोणीच नव्हतं.

"मुकादम मात्र छान आलाय," मी म्हणालो.

"तो कुठे हलतो!" ती हसली. मग तिने रिकाम्या टेबलांवर बोट ठेवलं. "जो हलतो, तो यात येत नाही. तुम्ही राबता, म्हणून दिसत नाही. मला हेच दाखवायचंय."

तेव्हापासून तिने माझं नाव भूत ठेवलं.

"काय भूतराव, आज तरी दिसणार का?"

"तुम्हाला बघायचंय?"

"मला नाही... डब्याला."

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि डब्यासमोर उभा राहिलो.

"पुतळा झालास का रे?" मुकादम खुर्चीतून उठून ओरडला. मी हललो नाही. त्याने मला घरी पाठवलं — कायमचं.

संध्याकाळी ती फोटो घेऊन दारात आली. रिकाम्या लॉन्ड्रीत मी एकटाच, ठळक.

"कसा आलोय?"

"लग्नातल्या फोटोसारखा."

"मग शेजारची जागा रिकामी का?"

ती खाली बघत राहिली. "येईन मी... पण मग डबा कोण सांभाळणार?"

लग्नानंतरही डबा तीच सांभाळत राहिली. गटारात उतरणारे, भांडी घासणाऱ्या, हमाल, सगळ्यांचे फोटो काढले. आम्हा दोघांचा एकही नाही.

शेवटच्या दुखण्यात म्हणाली, "डबा खिडकीत ठेव. आज दोघांचा काढू. खुर्चीत बस, आणि हलू नकोस."

बसलो. पण तिचे ओठ सुकले होते. उठून पाणी पाजलं. मग पाय चेपले, उशी नीट केली, औषध शोधलं.

"भुता," ती पुटपुटली, "परत कामाला लागलास?"

"गप पड. ताप बघू दे." कपाळावर हात ठेवला. तिला बरं वाटलं असावं. डोळे मिटले. मी हात काढला नाही.

ती गेल्यावर, तिने शिकवलं होतं तसा, तो फोटो धुतला. ती स्पष्ट आलीय. हलायची ताकदच नव्हती. खुर्ची रिकामी आहे. मी कुठेच नाही.

तिच्या कपाळावर फक्त एक हात आहे.