कोटाच्या खिशातल्या नळ्या

कोल्ड रूमचं दार मी बाहेरून ओढलं आणि त्याने नेमकं तेव्हाच आतून ढकललं. बसलं ना कपाळावर! वर हा ताडमाड माणूस विचारतो कसा — “लागलं का?”

“छे, गुदगुल्या झाल्या,” मी म्हटलं.

तो हसला. मला हसायचं नव्हतं, तरी हसले... तिथेच फसले.

प्रयोगशाळेत सगळे त्याला लंबू म्हणायचे. ऑपरेशनमध्ये किंवा सुईने काढलेले कॅन्सरच्या गाठीचे तुकडे नळ्यांत घालून आणायचे आणि ताबडतोब द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, हे त्याचं काम. त्यातल्या एन्झाइमची पुढची सगळी तपासणी माझ्याकडे.

“तुझं ते एन्झाइम करतं तरी काय?” एकदा चहा पिताना त्याने विचारलं. सगळं माहीत असून विचारत होता, लबाड.

“प्रथिनावर खूण चिकटवतं. खूण बसली की पेशीला वाटतं, वाढायचा हुकूम आला. दुसरं एन्झाइम येऊन ती खूण काढतं. कॅन्सरमध्ये चिकटवणारं थांबतच नाही.”

“तुझ्यासारखं. मागे लागलीस की लागलीस.”

“मी? तुझ्या? आरशात बघ जरा.”

“बघतो की. तिथेही तूच दिसतेस...”

असलं फालतू बोलणं, आणि मी ते दिवसभर मनात घोळवायची.

मग एका मंगळवारी दुपारी त्याने मला जिन्यात गाठलं. “लग्न करशील माझ्याशी?” एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. बराच वेळ आम्ही तिथेच पायरीवर बसलो, हातात हात घेऊन. संध्याकाळी मी आईला कळवूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात जेवताना मी सहज म्हटलं, “गेल्या आठवड्यात नमुना आला होता ना, त्या शिक्षिकाबाईंना उद्या नकार कळवणार. एन्झाइम रोखणारं नवं औषध आहे ना, ते त्यांना देता येणार नाही. त्यांच्या गाठीत खुणाच नाहीत.”

त्याचा घास हातातच राहिला. “कुठल्या शिक्षिका? मंगळवारच्या?”

“हो. का रे?”

“त्या नळ्या... माझ्या खिशात होत्या. जिन्यात. तू हो म्हणालीस आणि मी विसरूनच गेलो गं. नंतर गोठवल्या.”

नमुना उबेत राहिला की खुणा काढणारं एन्झाइम आपलं काम करतच राहतं, आणि असलेल्या खुणा नाहीशा होतात. हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

“नळ्या घेताना मी विचारलं तेव्हा लगेच गोठवल्या म्हणालास.”

“घाबरलो. हे बघ, औषध लागू पडेलच असं कुठेय? एका बाईसाठी... सरांना कळलं तर हाकलतील मला. आत्ता कुठे लग्न ठरलंय आपलं.”

एका बाईसाठी! हे ऐकून तो माझ्या मनातून उतरला, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही उतरला. तेच तर दुखणं आहे.

सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. त्याला त्यांनी दुपारीच कामावरून काढलं. बाईंना नव्या नमुन्यासाठी गाठीत पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, हकनाक. त्यात खुणाच खुणा होत्या, आणि त्यांचं औषध सुरू झालं.

“गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?” आई फोनवर म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

सामान न्यायला तो आला तेव्हा मी एकटीच होते.

“प्रेम नव्हतंच ना तुझं?”

“आहे.”

“मग सांगवलं कसं तुला?”

“त्या बाई जगाव्यात म्हणून.”

“आणि मी?”

तो वळला, जिना उतरू लागला. थांब म्हणायला मी तोंड उघडलं... तेवढ्यात हॉस्पिटलचा माणूस नवा नमुना घेऊन दारात उभा राहिला. लंबूच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. मी नळी घेतली आणि आधी गोठवायला गेले.

परत आले तेव्हा जिना रिकामा होता.