शेवटचे दोन झुरके

भर दुपारी तीन वाजता कुठलं आलंय भूत, असं म्हणाल. ऐका तर खरं.

खराडीच्या त्या ऑफिसातली लिफ्ट बंद पडली, म्हणून आम्रपाली जेवून जिन्यानं वर निघाली. नऊ मजले! मागच्या वर्षी तिसऱ्यावरच छाती धरून बसली असती. पण सिगरेट सोडून पाच महिने झाले होते. डॉक्टरीणबाईंनी फुंकर मारायच्या यंत्राचा कागद समोर धरून स्पष्टच सांगितलं होतं, "गेलेला श्वास परत येईलच असं नाही. पण आत्ता सोडलीत, तर उरलेला टिकेल." घरी चार वर्षांची लेक. आम्रपालीनं त्याच दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं.

चौथ्या मजल्यावर तिला खालून खोकला ऐकू आला. ओला, खोल. हा खोकला तिनं झोपेतही ओळखला असता. प्रज्ञेशचा! शेजारच्या टेबलावरचा तिचा मित्र. रोज एक सिगरेट दोघं वाटून ओढायची, शेवटचे दोन झुरके त्याचे. फुप्फुसाच्या कॅन्सरनं तो दिवाळीत गेला.

"आमू..." जिन्यात धुराचा वास भरला. "एकच मारू... माझे दोन झुरके तेवढे दे..."

खोटं कशाला सांगू, तिला तलफ आली. भीतीपेक्षा ती तलफच वाईट. कठड्याला घट्ट धरून ती खाली वाकली.

"मरूनसुद्धा अक्कल आली नाही होय रे तुला? रडले तुझ्यासाठी, पोटभर रडले. पण हा श्वास माझा आहे, माझ्या लेकीचा आहे. हवा असेल तर ये वर!"

आणि भराभरा चढू लागली. पाच, सहा, सात. मागून पावलं, धाप, खोकला... आठव्यावर सगळं मागे पडलं. नवव्यावर ती घामाघूम पोचली, पण श्वास शाबूत होता. तिला हसूच फुटलं.

दारात नवीन वॉचमन महिपती उभा होता.

"मॅडम, कुणी प्रज्ञेश सर मघाशीच वर आलेत. बाल्कनीत तुमची वाट बघतायत. आलं घातलेले दोन चहा सांगितलेत."

तिनं वळून पाहिलं. काचेपलीकडे बाल्कनी रिकामी होती. कठड्यावर दोन कप होते. एक भरलेला, एक अर्धा प्यालेला.

"बघू देत वाट," आम्रपाली म्हणाली. "म्हणावं, मी येणार नाही. आज नाही, कधीच नाही."

ती जागेवर जाऊन बसली, कामाला लागली. सकाळपासून तिनं चहा घेतला नव्हता. तरी जिभेवर आल्याच्या चहाची चव होती, अगदी ताजी.