दसऱ्याचं कुंकू

ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेची शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच फुटली. ती टाइप केली होती रुचाने, आणि फाइलचा पासवर्डही तिलाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत खरा चोर सापडला नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

गुप्तहेर इरावतीबाई दुपारी आल्या. सोबत त्यांचे मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले सुमंतराव. सुमंतरावांच्या मते तपास संपलाच होता.

"मुलीनेच केलं," ते कुजबुजले.

इरावतीबाईंनी फुटलेली पत्रिका वाचली. "यात अकरा प्रश्न आहेत. छापलेल्या पत्रिकेत दहाच कसे?"

"पाचवा शास्त्रीबुवांनी सांगितला आणि लगेच रद्द केला," रुचा रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी तिथल्या तिथे खोडला."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कुणाल म्हणाला, "पितृपक्षात नया की-बोर्ड लावला, बस. फिर इकडे आलोच नाही, काकू."

व्यवस्थापक विष्णुपंत हसले. "मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. खोलीला कायम कुलूप. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी रुचाकडे."

इरावतीबाई टेबलामागे वाकल्या. माऊसपासून प्रिंटरपर्यंत सगळीकडे हळदकुंकू होतं.

"दसऱ्याची पूजा," पाठशाळेचे वृद्ध प्रमुख देवव्रतशास्त्री अभिमानाने म्हणाले. "वायर जिथे जोडतात, त्या सांध्यालाही बोट लावतो मी."

"धन्य आहात, बुवा!" इरावतीबाई मनापासून म्हणाल्या. "चोर तुम्हीच पकडलात."

त्यांनी सुमंतरावांना जवळ बोलावून मागचा सांधा दाखवला.

"फाइल चोरली असती तर दहाच प्रश्न मिळाले असते. खोडलेला प्रश्न फक्त दाबलेल्या बटणांतून कळतो. की-बोर्डची वायर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ही काळी डबी बसवली आहे. प्रत्येक बटण ती टिपून ठेवते, पासवर्डसुद्धा."

"पण बसवली कोणी?"

"कुंकू बघा, सुमंतराव. अर्धं वायरच्या टोकावर, अर्धं कॉम्प्युटरवर, मधली डबी कोरी. म्हणजे ती दसऱ्यानंतर आली. कुणाल त्याआधीच येऊन गेला होता, आणि नंतर कुलूप उघडायला किल्ली लागते. रुचाने आपलंच टाइपिंग कशाला चोरायचं? उरले विष्णुपंत."

विष्णुपंतांची मान खाली गेली. "माझा मुलगा या परीक्षेला बसणार आहे," ते पुटपुटले.

सुमंतरावांनी कपाळाला हात लावला. आपण रेल्वेत पस्तीस वर्षं नुसत्या सह्या केल्या, असं त्यांना वाटलं.

"अशी चोरी प्रोग्रॅम घुसवूनही होते," इरावतीबाईंनी बजावलं. "अनोळखी फाइल उघडू नका, अँटिव्हायरस ताजा ठेवा, पासवर्डसोबत फोनवर येणारा कोडही लावा. आणि रोज मागचा सांधा बघा."

शास्त्रीबुवांनी रुचाला काढून टाकण्याचं पत्र फाडलं. डबी काढून वायर पुन्हा जोडली आणि कुंकवाचा करंडा तिच्यापुढे धरला.

"बेटी, चुकलो मी. यापुढे इथलं कुंकू तू लावायचंस."

रुचाने डोळे पुसले आणि त्या सांध्यावर बोट टेकवलं.