धक्क्यावरची तीस रोपं

आगरदांड्याच्या धक्क्याजवळ, माझ्या सोनचाफ्याच्या आळ्यात एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता आणि माती चाखत होता.

मी हंडी डोक्यावर धरून थबकले. त्यानं बोटाला लागलेली माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, मग बाजूला थुंकला.

"घरी जेवाया घालीत न्हाईत काय रं?" मी विचारलं.

तो दचकला नाही. वर बघून हसला. "घालतात गो. पण इतकं खारट न्हाय घालीत."

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. दिघीच्या होडीची वाट बघत बाया मासळीच्या पाट्या घेऊन तिथं उन्हात बसायच्या. डोक्यावर सावली म्हणून नव्हती. मग तिघांनी मिळून बाग करायची ठरली. पंचायतीनं जागा दिली, बाजारातल्या दुकानदारांनी बांबूचं कुंपण घातलं, आणि रोपं जगवायचं काम आमच्या कोळीवाड्यानं पत्करलं. तीस घरं, तीस रोपं. बकुळ, सोनचाफा, जास्वंद, सगळी दिवेआगरच्या वाड्यांतून आणलेली. अट एकच होती. शिमग्याला निम्मी रोपं जिवंत दिसली पाहिजेत, नाहीतर जागा लाकडाच्या वखारीला जाणार.

त्या जागेवर आमच्या बाया बोंबील सुकवायच्या. माझ्या शब्दावर त्यांनी ती सोडली होती. आणि दिवाळी सरली तशी रोपांची पानं कडेनं करपायला लागली होती. मी रोज एक हंडी जास्त ओतत होते, तरी करपतच होती.

तो माणूस काळूराम. पेणकडचा आगरी, मिठागरात वाढलेला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून जो बांध असतो, तो दुरुस्त करायला आलेल्या टोळीत होता. त्यानं विचारलं, रोपांना काय घालता? मी सांगितलं, विहिरीचं पाणी घालतो, आणि आठ दिवसांनी खाऱ्या मासळीच्या पिंपातलं. मागल्या दारच्या माडाला आम्ही तेच घालत आलो, आणि माड कसा तरारतो... म्हणून मीच घरोघर सांगत फिरले होते की रोपांनाही घाला, फुकटचं खत आहे.

त्यानं करपलेलं एक पान खुडून माझ्यापुढं धरलं.

"माड पचवतो गो," तो हळूच म्हणाला. "चाफ्याला न्हाय झेपत."

मी हंडी खाली ठेवली. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. रोपं मेली असती, आणि दोष जमिनीचा ठरला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

वेणूबाई आमच्यात थोरली, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "आमचे बोंबील उठवलेस, आन् रोपांचं लोणचं घातलंस काय गो केसर?"

बाया हसल्या, पण हंड्या घेऊन कुणी आलं नाही. दोन दिवसांत, बाग गेलीच म्हणत, दुकानदार बांबू उपटायला आले. मी कुंपणाला पाठ लावून उभी राहिले. त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, पण शिमग्याला अडीच महिने आहेत, तोवर एक बांबू हलायचा नाही. ते पुटपुटत परत गेले.

मग काळूरामनं वाट दाखवली. मुळांभोवतीची खारी माती हातभर खोल काढायची. बांधाच्या आतल्या शेतातली गोडी माती भरायची. खाडीच्या बाजूला चर खणायचा, म्हणजे विहिरीचं पाणी खार धुऊन तिकडं नेईल. दुपारच्या सुट्टीत जेवण आटोपून तो पाटी घेऊन यायचा. तीन दिवस आम्ही दोघंच खपत होतो. चौथ्या दिवशी वेणूबाई आली. म्हणाली, तुम्हा दोघांवर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे. मागोमाग बाकीच्याही आल्या... नजर ठेवायला.

आठ दिवसांनी एकदा तो माती चाखायचा, आणि आम्ही सगळ्या त्याच्या तोंडाकडं बघत राहायचो.

"आज जरा गोड लागते," तो एकदा माझ्याकडं बघत म्हणाला.

"मातीच ना?"

"मातीच... सध्या."

वेणूबाई खोकली.

पौषात बांध पुरा झाला. टोळी परत गेली. मिठागराचा हंगाम सुरू झाला होता, त्याच्या बापाचे दोन निरोप येऊन गेले. तरी तो धक्क्यावर ओझी वाहत राहिला. का राहिलास, असं मी विचारलं, तर म्हणाला, रोपं बघायची आहेत. आणि हाताला न लागलेली माती कितीतरी वेळ झटकत बसला.

शिमग्याच्या दिवशी सरपंच अनंताभाऊ प्रत्येक आळ्यापाशी वाकून बघत गेले. मागून दुकानदार, त्यांच्या मागून आम्ही. माझा सोनचाफा नुसती काडी झाला होता. त्यापाशी ते थांबले, माझ्याकडं पाहिलं आणि पुढं गेले. पण सतरा रोपांना पालवी होती. पंधरा पुरे होती. जागा बागेचीच राहिली.

बाया ओरडत, हसत घरी गेल्या. आम्ही दोघं मागं राहिलो.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "अर्धा हंगाम बुडाला... तू येशील?"

जीव तर येते म्हणत होता.

"न्हाय," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडलेला मला बघवेना, म्हणून घाईनं पुढं बोलले. "तेरा आळी रिकामी हायत. माझ्या सांगण्यानं मेली ती. ती भरल्याबिगर मी हलायची न्हाय. पावसात मिठागर बंद असतं ना?"

"असतं."

"रोपं पावसातच लावतात."

त्यानं विचारलं, "यंदा?"

"दरसाल. पावसाआधी यायचं, दिवाळी करून जायचं."

"दरसाल आलो तर लोक काय म्हणतील गो?"

"नवरा घरी आला म्हणतील. आणखी काय म्हणणार?"

त्यानं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

वैशाख सरता सरता तो आला. माझ्या घरी न जाता आधी बागेत गेला आणि कुदळ घेऊन खणायला लागला. माझ्या बाबाला कुणीतरी कळवलं. तो तरातरा तिथं आला, आळ्याच्या काठावर उभा राहिला, आणि आमच्या लग्नाची बोलणी तिथंच, उभ्याउभ्या झाली.

"आगरी हायस," बाबा म्हणाला. "होडी वल्हवता येते काय?"

"न्हाय," काळूराम आळ्यातूनच म्हणाला. "शिकेन."

बाबानं माझ्याकडं पाहिलं. मी घमेलं उचललं आणि मातीकडं वळले. अजून आठ आळी बाकी होती.