सुधारक

बाजारातून आणलेली स्वस्त इलेक्ट्रिक गिटार सौमित्रने जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. मान वाकलेली, तारा बोटभर उंच, वायर जोडली की नुसती गुणगुण. सुधारक येण्याआधीच्या काळातली होती ती. आता प्रत्येक गिटारमध्ये सुधारक असे. वाजवणाऱ्याचा रोख ओळखून, चुकलेला स्वर कानावर पडण्याआधीच जागेवर आणणारी ती छोटीशी चकती.

आईला, कुमुदिनीबाईंना, मात्र ती चकती नको होती. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिच्या डाव्या हाताची बोटं जड झाली होती. व्यायाम म्हणून तिने गिटार मागितली, तीही जुनीच. "माझं बोट चुकलं तर मला कळायला हवं," ती म्हणाली होती.

सौमित्र रत्नागिरीतल्या समारंभांत गिटार वाजवायचा. लोक नाव घ्यायचे. त्याने मानेतला दांडा पिळून मान सरळ केली, मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांची बोचरी टोकं घासली, घोडी खाली घेतली, सुटलेली वायर डाख देऊन जोडली. गुणगुण थांबली. मग आपली नेहमीची धून त्याने वाजवायला घेतली.

तारा खरखरल्या. एक स्वर मेला, दुसरा भलतीकडे गेला. त्याने फ्रेट पुन्हा घासले. स्वर मोजायचं मीटर लावून एकेक तार, एकेक घर तपासलं. गिटारमध्ये काही खोट उरली नव्हती.

त्याचे कान तापले.

"अजून नीट झाली नाही का रे?" आईने आतून विचारलं.

"थोडं काम राहिलंय," तो म्हणाला. आणि आपल्या गिटारमधला सुधारक काढून त्याने या जुन्या गिटारच्या पुढच्या पत्र्याखाली बसवला. धून आता स्वच्छ वाजली.

"झाली वाटतं," म्हणत आई बाहेर आली. गिटार मांडीवर घेऊन, ओठ घट्ट मिटून तिने तारा छेडल्या. लखलखीत स्वर उमटले. तिने पुन्हा छेडल्या. तिचे डोळे भरून आले.

"करंगळी चालायला लागली रे माझी."

करंगळी तारेला टेकलीसुद्धा नव्हती. सौमित्रला ते समोर दिसत होतं.

"दळवी मॅडमना फोन लाव. म्हणावं, आता माझा व्यायाम घ्यायला यायची गरज नाही."

सौमित्रने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. तिच्या हातातून गिटार घेऊन त्याने पत्र्याचे स्क्रू काढले. तिची नजर चकतीवरून त्याच्या चेहऱ्यावर आली.

"मी बसवला," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. मला वाजवता येत नव्हतं म्हणून."

तिने चकती काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "वाजव आता."

त्याने वाजवलं. मान वर न करता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या चुकांसकट. तिने मध्येच थांबवलं नाही.

"असं कुणी ऐकलंय तुला?"

"नाही."

तिने गिटार पुन्हा मांडीवर घेतली. उजव्या हाताने करंगळी उचलून तारेवर ठेवली आणि तार छेडली. धप्प असा आवाज आला. तिने तो नीट ऐकून घेतला.

"दळवी मॅडमना म्हणावं, येत राहा," ती म्हणाली. "आणि तू सांग, उद्यापासून तू मला शिकवणार, की दोघांनी मिळून शिकायचं?"