सात घरांचा मागचा बोळ

बसा जरा जवळ. निरांजनात तूप आहे तोवर माझं सांगून होईल.

सगळं सुरू झालं ते रांगोळीपासून. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार दुसऱ्या दिवशी होता, म्हणून मी राजवाड्याजवळ बाजाराला गेले होते. पाच फळं, विड्याची पानं, नारळ आणि वीस किलो रांगोळी.

दुकानदार गुंडानं चष्मा कपाळावर चढवला. “आवं काकू, ईस किलो? आजिंक्यताऱ्याला कडेनं काढताय का काय?”

“आमच्या भाचीला पाहिजे. ती आर्किटेक्ट आहे.”

“मंग इमारत कशानं बांधत्यात त्या, मैद्यानं?” असं म्हणत त्यानं पोतं रिक्षात टाकलं.

अंकिता माझ्या सांगलीच्या भावाची लेक. तिच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम होतं, आमच्या घरांमागचा बोळ. एका अंगाला आमच्या सात घरांच्या पाठी, दुसऱ्या अंगाला जुन्या वखारीची लांब भिंत. रुंदी जेमतेम सहा फूट. मी लग्न होऊन साताऱ्यात आले त्याला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या बोळाचा आम्हाला एकच उपयोग होता, खिडकीतून टाकायचं. फुटक्या बादल्या, नारळाच्या शेंड्या, निर्माल्यसुद्धा. हो, मीही टाकलंय. त्या वर्षी नगरपालिकेत गावातले असे पडके बोळ नीट करून लोकांना चालायला, बसायला खुले करायचं ठरलं आणि आमचा बोळ अंकिताकडे आला. अट अशी की सातही घरांनी सही द्यायची. एक जरी घर नाही म्हणालं तर दोन्ही तोंडांना भिंत घालून बोळ कायमचा बुजवणार. सह्यांची बैठक मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारनंतरच्या रविवारी होती.

तीन ट्रॉल्या कचरा निघाला तेव्हा खालची दगडी फरशी दिसली. आणि दिसली ती दारं. प्रत्येक घराच्या पाठभिंतीत, अगदी जमिनीलगत, गुडघ्याएवढं एकेक लोखंडी दार, आतून विटांनी बुजवलेलं. ती कशाची, तिथं जमलेल्या आम्हा कुणालाच सांगता येईना. मला आपलं वाटायचं, मांजरासाठी असतील. अंकिताला ती फार आवडली. ती म्हणाली, “विटा काढून कोनाडे करू. प्रत्येक घरानं आपापल्या कोनाड्यात दिवा लावायचा.”

“आणि रांगोळी कशाला गं?”

“फरशी कुठं घालायची, बाक कुठं ठेवायचे, हे मी नाही ठरवायचं आत्या. माणसं आपसूक कुठून चालतात, कुठं थांबतात ते आधी बघायचं. उद्या सकाळी बोळाच्या दोन्ही तोंडांची पत्र्याची दारं उघडू. दिवसभर लोकांनी रांगोळीवरून चालायचं आणि संध्याकाळी मी कागदावर उतरवून घेणार.”

दिवेलागणीला आम्ही दोघी पिठाच्या चाळण्या घेऊन वरच्या तोंडापासून निघालो. आपलीच पावलं उठू नयेत म्हणून उलटं चालत चाळायचं. थंडी मी म्हणत होती. निम्म्यावर आलो तेव्हा वास आला.

“कुणी चूल विझवलीय का गं? ओल्या राखेचा वास येतोय.”

“आत्या, इथं सगळ्यांकडं गॅस आहे.”

मग आम्ही जरा भराभर चाळलं. खालच्या पत्र्याच्या दारातून बाहेर पडलो, कुलूप लावलं. मागं सगळा बोळ दुधासारखा पांढरा, त्यावर एक रेघ नव्हती.

पहाटे पाचला मी कलश मांडत होते. बाहेर धुकं. ‘हे’ आत घोरत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. पत्रा दगडावरून ओढल्यासारखा. खर्र... मग काहीच नाही. मग पुन्हा, जरा जवळ. खर्र... आमचं घर खालून चौथं. मी मोजत होते, मला न विचारताच मन मोजत होतं. चौथा आवाज आमच्या मोरीच्या भिंतीपलीकडं आला आणि थांबला. कुणीतरी उभं राहून वाट बघतंय असं वाटावं, इतका वेळ थांबला. देवापुढची ज्योत जराही हलत नव्हती. मी हळदीची वाटी खाली ठेवली.

मग तो पुढं गेला. पाच... सहा... सात.

उजाडल्यावर अंकितानं कुलूप काढलं. पांढऱ्या बोळात अनवाणी पावलं उमटली होती. लहानखुऱ्या बाईची. प्रत्येक घरामागं ती थांबलेली, आणि थांबली तिथं पावलांशेजारी एक गोल वळ, कलशाच्या बुडासारखा.

तुम्ही हसाल मला. पण मार्गशीर्षातला गुरुवार, पहाटेची वेळ, बाईची पावलं आणि शेजारी कलश टेकवल्याची खूण! तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी तिथंच गुडघे टेकले. त्या गोल वळाला बोटं लावून कपाळाला लावली.

तासाभरात साती घरच्या बायका हळदीकुंकू घेऊन जमल्या. सगळ्यात वरच्या घरातल्या शालूबाई तर आनंदानं रडायच्याच बाकी होत्या. “माझ्या मागं बघा केवढा वेळ उभी राहिलीय महालक्ष्मी. टाच बघा किती रुतलीय!”

“आमच्याकडं दोनदा कलश टेकवलाय,” पाचव्या घरातून कुणीतरी म्हणालं, आणि त्यावरून थोडी वादावादीही झाली.

अंकिता मात्र टेप घेऊन उकिडवी बसली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, “कुलपं जशीच्या तशी आहेत. पावलं खालच्या दारापासून हातभर आत सुरू होतात आणि वरच्या दाराशी संपतात.”

“देवाला कुलूप आडवं येतं का?”

“नसेल येत. पण आत्या... लक्ष्मी घरात येते ना? ही सातही ठिकाणी त्या छोट्या दारांपुढंच थांबलीय. एकदाही आत वळलेली नाही.”

पुढचे आठ दिवस बोळात उत्सव होता. सह्यांची काळजीच मिटली. शालूबाई स्वतः घरोघर सांगत फिरल्या. तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा रांगोळी चाळली, पुन्हा पहाटे तो आवाज, पुन्हा पावलं. त्या सकाळी तिसऱ्या घरातल्या रंगूबाई वॉकर धरून दर्शनाला आल्या. चौऱ्याऐंशीचं वय, पण नजर साफ. त्या पावलांकडं बघत राहिल्या. मग गोल वळाकडं. मग भिंतीतल्या दाराकडं. पुढं केलेलं हळदीकुंकवाचं ताट त्यांनी हातानं मागं सारलं.

“ही लक्षुमी न्हवं गं बाय.”

“मग कोण?” मी विचारलं.

“तवा टोपलीचं संडास हुतं समद्यांकडं. मैला उचलणारी बाई ह्या दारातनं टोपली वडून घ्यायची, डब्यात वतायची, वर राख टाकायची. त्यो डब्याचा वळ हाय... रोज पाटंचं यायची. फुडच्या रस्त्यानं यायची तिला बंदी, म्हणून ह्यो बोळ. पत्र्यानं खरडायची तवा आमी आतनं वरडायचो, ‘झालं का गं?’ बास, त्येवढंच बोलणं.”



“नाव काय होतं त्यांचं?” अंकितानं विचारलं.

रंगूबाईंनी पुष्कळ आठवलं.  “कवा इचारलंच न्हाई. यक दिस यायची बंद झाली. चार दिसांनी वास सुटला, तवा समद्यांस्नी याद आली. कुठं गेली, जगली का मेली... कोण इचारतंय. दुसरी आली.”

शालूबाईंच्या हातातलं ताट वाजलं. “म्हणजे मी... त्या पावलांवर कुंकू वाहिलं? आई गं! बुजवा. उद्याच्या उद्या बोळ बुजवा. माझी सही मिळायची न्हाई.”

आणि मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण दिव्यासमोर बसलेय तर खरंच सांगते. मी घरात आले आणि हात धुतले. साबणानं. दोनदा. मग पदरानं कपाळ पुसलं. मागं वळले तर मोरीच्या दारात अंकिता उभी. ती तशीच मागं फिरली. खोलीत गेली आणि नकाशांची गुंडाळी करून रबर लावलं. त्या रबराचा आवाज मला जेवताना, झोपताना ऐकू येत राहिला.

इतक्या वर्षांत मी किती व्रतं केली असतील. सोळा सोमवार झाले, वटपौर्णिमा, हरतालिका, चातुर्मासाचे नेम झाले. ‘सर्वांना सुखी ठेव’ म्हणताना त्या सर्वांमध्ये ती होती का, हे मी कधी मनाला विचारलं नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी उद्यापन. पाच सवाष्णींचं जेवण. आदल्या दुपारीच मी अंकिताला म्हटलं, “गवंड्याला बोलाव. आपल्या दाराच्या विटा काढायच्यात.”

“आत्या, काय करणार आहेस?”

“सहावं पान वाढणार आहे.”

पहाटे चारला उठून पुरण शिजवलं. त्या उघडलेल्या दारातूनच हात लांबवून बोळात पाट मांडला, भोवती महिरप काढली, ताट वाढलं. त्याआधी संध्याकाळी रांगोळी चाळून ठेवलेली होतीच. मग आत येऊन मोरीत त्या गुडघ्याएवढ्या दारापाशी पणती घेऊन बसले. अंकिता माझ्या पाठीला चिकटून. 

त्या दारातून माणूस दिसत नाही. फक्त पायांपुरती जमीन दिसते. आतल्यांनी तिचं एवढंच पाहिलं असणार, कित्येक वर्षं.

आधी वास आला. ओली राख. मग खालच्या अंगानं... खर्र... एक. बराच वेळ गेला. खर्र... दोन. रंगूबाईंच्या मागं... तीन.

मग मी पाहिलं. रांगोळी दबली. तिथं कुणीच नव्हतं, आणि रांगोळीत टाच उतरली, चवडा उतरला, पाच बोटं उतरली. मग दुसरं पाऊल. मग तिसरं. पाटापाशी येऊन ती पावलं थांबली. शेजारी अलगद गोल वळ उमटला. अंकितानं माझा दंड इतका घट्ट धरला, की चार दिवस निळा होता.

मी दाराशी वाकले. “बाई... तो डबा राहू दे. आज... आज काही काम नाही. नाव ठाऊक नाही मला तुमचं. चुकलं आमचं. बसा...”

काही झालं नाही. धुकं दारातून आत येत होतं. पणती बारीक झाली... पुन्हा मोठी झाली...

मग पावलं वळली. पाटाकडं टाचा झाल्या. बसायच्या आधी माणूस वळतं ना, तशी. आणि पाट कुरकुरला.

मी डोळे मिटले. पाहुण्या बाईला जेवताना बघत बसू नये.

उजाडल्यावर ताट उचललं तर पोळीचा एक तुकडा मोडलेला होता. मुंग्यांनी मोडला म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या घरापासून पुढं रांगोळीवर मात्र एकही पाऊल नव्हतं.

रविवारी बैठक आमच्याच ओसरीवर झाली. सहा घरांच्या सह्या झाल्या. रंगूबाईंनी सगळ्यांच्या आधी केली. शालूबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

“माझं न्हाईच. लेकी, नाती येत्यात माझ्या घरी. तसलं काही दारात यायला नको.”

मी जन्मात चारचौघांत बोललेली नाही. पण अंकिता पेन धरून उभी होती. मी म्हटलं, “शालूबाई, ती तर येतेच आहे. दोन्ही दारांना कुलपं होती तरी आली. तिला रस्ता ठेवला तर रस्त्यानं जाईल. तुम्ही भिंती घातल्या तर मग कुठून जाईल, ते मला काही सांगता येणार नाही.”

शालूबाईंनी आपल्या घराकडं पाहिलं. मग पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं. “पण माझ्या भिंतीतलं दार उघडायचं न्हाई! विटा तशाच राहू द्यात.”

“राहू दे काकू,” अंकिता म्हणाली, आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली.

पाडव्याला बोळ खुला झाला. तुम्ही बघितलाच असेल. कुपवाडच्या कारखान्यातून तिनं दिव्यांचे लोखंडी हात घडवून आणले, वखारीच्या भिंतीवर जाई चढवली. सहा कोनाड्यांत सहा दिवे. आणि सात बाक, काळ्या दगडाचे, ती जिथं जिथं उभी राहिली होती बरोबर तिथं. क्लासला जाणाऱ्या मुली आता रहदारी चुकवून तिथूनच जातात. रंगूबाईंचा दुपारचा चहा बाकावर असतो.

मी पहाटे फुलं तोडायला जाते तेव्हा बाकांना हात लावत जाते. थंडीत दगड बर्फासारखा असतो. पण आमच्या मागचा बाक वर्षभर पहाटे कोमट लागायचा, एकाच जागी, एक माणूस बसेल एवढा. मला त्याची भीती वाटत नाही. मी शेजारी बसून जप करते.

या आठवड्यापासून मात्र तो गार लागतोय.

आज पहाटे मी पुढचे बाक बघत गेले. पाचवा गार. सहावा गार. शालूबाईंच्या मागचा सातवा... हात ठेवला आणि उचलवेना. चांगला गरम होता. तेवढ्यात मागच्या भिंतीतून, त्या बुजवलेल्या विटांच्या आतून, आवाज आला. शालूबाईंच्या सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्याच आवाजात कुणीतरी म्हातारी बाई हळू विचारत होती, “चा घेता न्हवं?... साखर किती घालू?”

मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज.

शालूबाई सोमवारपासून शिरवळला लेकीकडं आहेत. घरात दुसरं कुणी राहत नाही. बाहेरच्या दाराला कुलूप आहे, आणि किल्ली... ही बघा, माझ्याकडंच आहे.